बिब्बा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किराणा दुकानात गोडंबी, पूजेच्या दुकानात काळं फळ, गाडीला टांगलेल्या लिंबू-मिरचीतला मणी आणि वैद्याच्या गोळीतलं द्रव्य: बिब्बा महाराष्ट्रात इतक्या ठिकाणी भेटतो की तो जहाल आहे याचा विसर पडतो. खालच्या उत्तरांत कुठेही औषधाची मात्रा दिलेली नाही. ती मुद्दामच दिलेली नाही.

बिब्बा म्हणजे नेमकं कोणतं झाड?

बिब्बा, बिबा, बिबवा ही एकाच झाडाची नावं. संस्कृतात भल्लातक, हिंदीत भिलावा, शास्त्रीय नाव सेमेकार्पस ॲनाकार्डियम. आंबा, काजू, चारोळी, पिस्ता यांच्या कुळातलं हे झाड. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. बिब्बा मात्र इथलाच. हिमालयाच्या पायथ्यापासून मध्य भारतातून थेट दख्खनपर्यंतच्या पानझडी जंगलांत तो वाढतो. आपल्याकडे विदर्भात, सातपुड्यात, मराठवाड्याच्या डोंगराळ भागात आणि सह्याद्रीच्या कोरड्या उतारांवर तो दिसतो.

झाड मध्यम उंचीचं, साधारण १० ते १५ मीटर. ओळखायचं ते पानांवरून. पानं खूप मोठी, टोकाकडे रुंद आणि देठाकडे निमुळती होत जाणारी, जाडसर, खालून फिकट, फांद्यांच्या शेंड्यांना दाटीने आलेली. फुलं बारीक, हिरवट-पांढरी. फळं हिवाळ्यात पिकतात. साल खरवडली की जो चीक येतो तो हवेत काळा पडतो, पण ओळख पटवण्यासाठी हा प्रयोग करू नका.

बिब्बा, गोडंबी आणि बिब्ब्याची फुलं हे सगळं एकच का?

एकाच फळाचे ते तीन भाग आहेत, आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे. हा फरक ध्यानात आला की निम्मे अपघात टळतील.

काजूच्या बोंडाखाली जशी बी लटकते, तसंच इथेही. फळ पिकताना देठाचा भाग फुगून पिवळा-नारिंगी, मांसल होतो. त्याच्या टोकाला साधारण अडीच सेंटिमीटरचं, चपटं, तुकतुकीत काळं फळ असतं. ते काळं फळ म्हणजे बिब्बा. त्याच्या टरफलात मधाच्या पोळ्यासारखे कप्पे असतात आणि त्यांत दाट, काळपट, जहाल तेल भरलेलं असतं. टरफलाच्या आत जो पांढरा गर असतो ती गोडंबी, ती खातात. आणि वरचा मांसल देठ वाळवला की बाजारात ‘बिब्ब्याची फुलं’ म्हणून मिळतो. तोही खाद्य आहे, गोडसर-तुरट. विदर्भाच्या आठवडी बाजारांत तो अजून दिसतो. नाव ‘फुलं’ असलं तरी झाडाच्या फुलांशी त्याचा संबंध नाही.

म्हणजे अंगावर उठतं ते टरफलातल्या तेलाने. गोडंबी आणि फुलं यांना ते तेल लागलं असेल तरच त्यांचा त्रास होतो.

बिब्बा अंगावर का उततो? एकाला उततो आणि दुसऱ्याला नाही, असं का?

तेलातल्या ज्या द्रव्यामुळे हे होतं त्याला भिलावनॉल म्हणतात. अमेरिकेतली कुप्रसिद्ध पॉयझन आयव्ही ही वेल आणि चीन-जपानमधलं लाखेचं झाड यांच्या चिकातही याच जातीची द्रव्यं असतात. ती त्वचेत झिरपून तिथल्या प्रथिनांना चिकटतात, आणि शरीर त्या जागेला परकं समजून तिच्यावर तुटून पडतं.

यात दोन गोष्टी वेगवेगळ्या घडतात. तेल जास्त लागलं तर ते भाजल्यासारखं काम करतं आणि फोड कोणालाही येतो. थोडं लागलं तर माणसामाणसात फरक पडतो. पहिल्या वेळी कदाचित काहीच होणार नाही, पण शरीर ते लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी एक-दोन दिवसांनी खाज, लाली, सूज, पाण्याने भरलेले फोड असं सगळं उमटतं. म्हणून ‘मला बिब्बा बाधत नाही’ असं म्हणणाऱ्याने ‘अजून बाधलेला नाही’ असं म्हणावं. ज्यांना कच्च्या आंब्याच्या चिकाने किंवा काजूच्या टरफलाच्या तेलाने ओठ-गाल उठतात, त्यांनी बिब्ब्यापासून जास्तच सांभाळून राहावं.

बिब्बा उतला तर लगेच काय करायचं?

पहिली काही मिनिटं सर्वांत महत्त्वाची. तेल लागल्याचं कळताच ती जागा साबण आणि भरपूर गार पाण्याने धुवा. घासू नका. नखांखालची जागा विसरू नका, कारण तिथे राहिलेलं तेल पुढे डोळ्यांना, तोंडाला, लहान मुलाच्या गालाला लागतं. अंगावरचे कपडे, रुमाल, अडकित्ता, वरवंटा, जे जे तेलाला लागलं असेल ते वेगळं धुवा. डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याखाली डोळा धरून थेट दवाखाना गाठा.

फोड आले तर फोडू नका. फोडातल्या पाण्याने पुरळ पसरतं असं सगळीकडे मानतात, पण ते खरं नाही. पसरतं ते कपड्यांवर आणि नखांत राहिलेल्या तेलाने. किंवा तेल कमी लागलेल्या जागा उशिरा उठतात, म्हणून पसरल्यासारखं वाटतं. गार पाण्याच्या घड्या आणि कॅलामाइन लोशन यांनी खाज कमी होते. चेहरा, डोळ्यांभोवतीचा भाग किंवा गुप्तांग सुजलं असेल, पुरळ अंगभर गेलं असेल, ताप आला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. स्टिरॉइडचं मलम किंवा गोळ्या त्यांनी सांगाव्यात, औषधाच्या दुकानातून स्वतः आणू नयेत.

आपल्याकडचा जुना उतारा म्हणजे खोबरं आणि तीळ खाणं आणि अंगाला खोबरेल किंवा नारळाचं दूध लावणं. लोणी, तूप, कोथिंबिरीचा किंवा चिंचेच्या पाल्याचा रसही लावतात. धुऊन झाल्यावर खोबरेल लावायला हरकत नाही, त्वचा ओढल्यासारखी होणं कमी होतं. मात्र धुण्याआधी तेल चोळू नका, कारण बिब्ब्याचं तेल त्यात मिसळून आणखी मोठ्या जागेवर जातं. क्रम चुकला की घरगुती उपायच अंगलट येतो.

आणि लघवी कमी झाली, गडद किंवा लालसर झाली, तर एक तासही थांबू नका. अशा विषबाधेत मूत्रपिंडाला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

आजी टाचेच्या भेगांना आणि कुरूपाला बिब्बा लावायची. आम्हीही लावू का?

तुमची आजी हे करत असे यात शंका नाही. फळाला सुई टोचून ते दिव्यावर धरायचं, कडेने तेल फसफसून आलं की त्याचा टिपका टाचेवर, कुरूपावर किंवा काटा मोडलेल्या जागी टेकवायचा. पायात वहाण नसलेल्या, चिखलात-ढेकळांत राबणाऱ्या माणसांच्या टाचेची कातडी जाड, मेलेली असे. तिथे एक टिपका खपून जाई, आणि भेग बुजे, ठणका थांबे.

तुमची टाच तशी नाही. मोज्यांत-बुटांत वाढलेल्या मऊ कातडीवर तोच टिपका खोल जखम करतो. मधुमेह असेल तर पायाला बिब्बा लावणं म्हणजे पाय धोक्यात घालणं. संवेदना कमी झालेली असते, भाजलेलं कळत नाही, जखम चिघळते. लहान मुलांच्या पोटदुखीवर पोटावर बिब्ब्याचे टिपके देण्याची चालही काही भागांत आहे. हे करू नका. पोटदुखीचं खरं कारण त्यात मागे राहतं आणि मुलाच्या कोवळ्या कातडीवर कायमचे डाग उरतात.

आयुर्वेदात बिब्बा नेमका कशासाठी सांगितला आहे?

फार मोठ्या गोष्टींसाठी. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनाच्या, म्हणजे बळ आणि दीर्घायुष्य देणाऱ्या उपचारांच्या, पहिल्याच अध्यायात भल्लातकाचे अनेक प्रयोग आहेत: दुधातले, तुपातले, मधातले, तेलातले. कफाचा असा एकही रोग नाही जो भल्लातक हटवत नाही, आणि तो बुद्धी, अग्नी (म्हणजे पचनशक्ती), बळ लवकर देतो, इतक्या ठाम शब्दांत तिथे त्याचं कौतुक आहे. पण त्याच्या अगदी जवळच हेही सांगितलं आहे की भल्लातक अग्नीसारखा तीक्ष्ण आणि पिकवणारा, फोड आणणारा आहे. विधीप्रमाणे दिला तरच तो अमृतासारखा होतो. लोक पहिलं वाक्य सांगतात आणि दुसरं गाळतात. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

तो ‘विधी’ किती बारीक होता ते पाहा. फळं निर्दोष, रसाने भरलेली, पिकल्या जांभळासारखी काळी घ्यायची. जवाच्या किंवा उडदाच्या राशीत चार महिने ठेवायची. मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत प्रयोग सुरू करायचा, तोही आधी गार, स्निग्ध, गोड आहाराने शरीर तयार करून. मात्रा रोज थोडी चढवायची आणि तशीच उतरवायची. आहारात दूध, तूप, भात. कुळीथ, दही, आंबवलेलं, अंगाला तेल लावणं आणि शेकोटीजवळ बसणं वर्ज्य. उन्हात जायचं नाही. आज ऑफिसला जाणाऱ्या, दुपारी मिसळ खाणाऱ्या माणसाने इंटरनेटवर वाचून बिब्बा घेतला तर तो चरकाचा प्रयोग राहत नाही, फक्त बिब्बा राहतो.

मूळव्याधीवर वाग्भटाने अष्टांगहृदयात सुरेख भेद केला आहे: कोरड्या मूळव्याधीत भल्लातक श्रेष्ठ, रक्त पडणाऱ्या मूळव्याधीत कुड्याची साल, आणि दोन्हींत ताक. म्हणजे एकाच रोगाच्या एका प्रकारात जे पहिलं औषध, त्याच्याच दुसऱ्या प्रकारात त्याचं नावही नाही. याशिवाय कुष्ठ म्हणजे त्वचारोग, कृमी, संधिवात, जुनाट खोकला-दमा, मंदावलेली भूक यांसाठी वैद्य त्याचा विचार करतात. संजीवनी वटी, अमृतभल्लातक, भल्लातकासव या औषधांत तो असतो. संजीवनी वटीत बिब्ब्याच्या जोडीला वत्सनाभ म्हणजे बचनागही असतो, हे ती गोळी तापावर सहज घेणाऱ्यांच्या गावीही नसतं.

बुद्धीसाठी बिब्बा ही कल्पना भारताबाहेरही गेली होती. अरबी वैद्यकात त्याला ‘बलाधुर’ म्हणत आणि स्मरणशक्तीसाठी देत. नवव्या शतकातला बगदादचा इतिहासकार अल-बलाधुरी याच्या घराण्याला हे नाव त्यावरूनच पडलं. बिब्बा प्याल्याने वेड लागल्याची कथा काही जुन्या चरित्रकारांनी त्याच्याबद्दल सांगितली आहे, काहींनी त्याच्या आजोबांबद्दल. कथा कोणाचीही असो, अति घेतल्यावर काय होतं याची भीती तिकडेही होती एवढं त्यातून दिसतं.

शोधन म्हणजे काय? ते घरी करता येतं का?

शोधन म्हणजे औषधात घालण्यापूर्वी फळातला जहालपणा कमी करण्याची प्रक्रिया. सर्वांत परिचित पद्धत विटेच्या चुऱ्याची: पाण्यात बुडणारी, भरलेली फळं निवडायची, देठाकडची टोपी कापायची, विटेच्या भुकटीत घालून चोळायची, भुकटी तेल शोषून ओली-काळी झाली की बदलायची आणि शेवटी गरम पाण्याने धुवायची. गोमूत्र, गाईचं दूध, नारळाचं पाणी यांतलं शोधनही ग्रंथांत आहे.

घरी करू नका. ही प्रक्रिया करताना हात आणि चेहरा सुजणं अनुभवी माणसांनाही चुकत नाही, आणि शोधन पुरेसं झालं की नाही हे नुसतं बघून कळत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या (१९४५) ई-१ या परिशिष्टात भल्लातक विषारी आयुर्वेदिक द्रव्यांच्या यादीत आहे, अफू, धोतरा, कण्हेर, गुंज, कुचला यांच्या रांगेत. अशा द्रव्याचं पोटात घ्यायचं औषध असेल तर वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. घेताना ती सूचना शोधा. नसेल तर ते औषध परत करा.

खोकल्यासाठी दुधात बिब्ब्याचा थेंब पाडून देतात. चालेल का?

नाही. फळ तापवून तेलाचा थेंब गरम दुधात पाडण्याची पद्धत खेड्यांत खूप जुनी आहे आणि काही वैद्यही ती वापरतात. पण थेंब केवढा, फळ कोणतं, तेल किती, यावर घरात कोणाचा ताबा नसतो. ओठ, जीभ, घसा सुजणं, गुदद्वाराशी आग आणि खाज, अंगभर पुरळ, लघवीला जळजळ: हे सगळं एका थेंबाने झालेलं आहे. खोकला दोन आठवड्यांच्या वर टिकला तर थुंकीची तपासणी करून घ्या. क्षयरोगाची तपासणी आणि उपचार सरकारी दवाखान्यात मोफत होतात.

कोणी बिब्ब्याच्या औषधाच्या वाटेला जाऊच नये?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुलं, फार वृद्ध माणसं, पित्तप्रकृतीचे लोक, रक्तस्राव होणारे रुग्ण, मूत्रपिंडाचा आजार असलेले, आणि पूर्वी कधी बिब्बा उतलेला प्रत्येक जण. वैशाखाच्या उन्हाळ्यात तर निरोगी माणसानेही नाही.

बिब्ब्याने कॅन्सर बरा होतो असं ऐकलं. खरं आहे का?

बिब्ब्याच्या अर्कावर प्रयोगशाळेत पेशींवर आणि उंदरांवर काम झालं आहे आणि त्यातले काही निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. माणसांमध्ये त्याने कॅन्सर बरा होतो हे मात्र सिद्ध झालेलं नाही. बिब्ब्याच्या भरवशावर शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी लांबवू नका. केमो चालू असताना कोणतंही आयुर्वेदिक औषध घ्यायचं असेल तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा, कारण यकृत आणि मूत्रपिंडावर आधीच ताण असतो.

गोडंबी खाणं सुरक्षित आहे का? बाळंतिणीच्या लाडवात घालतात.

नीट सोललेली, स्वच्छ गोडंबी हे चांगलं अन्न आहे. स्निग्धांश आणि प्रथिनं भरपूर असतात. डिंकाच्या लाडवात खारीक, खोबरं, बदाम यांच्याबरोबर ती घालतात. खोबरं तिथे असणं हाही जुन्या बायकांचा शहाणपणा वाटतो मला. घेताना दाणे पांढरट-पिवळसर आहेत, काळे डाग किंवा टरफलाचे तुकडे चिकटलेले नाहीत, हे बघा. तुपात हलकी परतून घ्या. काजूची किंवा इतर सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर टाळा. आणि बाळंतिणीने पहिल्यांदाच गोडंबी खायची असेल तर आधी अगदी थोडी खाऊन दोन दिवस पाहावं.

गोडंबी एवढी महाग का?

कारण ती कोणीतरी हाताने फोडलेली असते. विदर्भातल्या काही गावांत हे काम बायका करतात. एकेक बिब्बा दगडावर ठेवायचा, ठोका द्यायचा, टरफल फुटून तेल उडतं, आतला दाणा अखंड काढायचा. दाणा तुटला तर भाव पडतो. तेल बोटांवर, मनगटांवर, चेहऱ्यावर, पायांवर उडतं. हाताला राख किंवा तेल चोळून काम करतात, तरी कातडी काळी पडते, सोलवटते, बोटांच्या पेरांना भेगा पडतात. घरातलं तान्हं मूल त्याच हातांनी उचललं जातं.

लाडवातल्या मूठभर गोडंबीमागे हे हात आहेत, आणि त्यांच्याबद्दल फारच कमी बोललं जातं. जे व्यापारी किंवा बचत गट हे काम देतात त्यांनी हातमोजे दिले पाहिजेत, आणि तेही योग्य: पातळ रबरी मोज्यांतून या जातीचं तेल आरपार जातं, त्यामुळे जाड विनाइलचे मोजे बरे. डोळ्यांना चष्मा, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, कामाच्या जागी साबण-पाणी आणि लहान मुलांना त्या जागेपासून लांब ठेवण्याची सोय, एवढं तरी. दाणा फोडायच्या साध्या यंत्रावर काम व्हायला हवं. काजूसाठी यंत्रं आली, बिब्ब्यासाठी अजून हात आहेत.

धोबी कपड्यांवर बिब्ब्याची खूण करायचे, ती का पुसत नसे?

बिब्ब्याचं तेल हवेत काळं पडून धाग्यात घट्ट बसतं, आणि वर चुना लावला की साबणालाही दाद देत नाही. इंग्रजीत झाडाला ‘मार्किंग नट’ नाव पडलं ते यावरूनच. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर, कॉलरवरच्या खुणेच्या जागी, पुरळ उठू लागलं तेव्हा डॉक्टरांना या खुणेचा माग लागला. वाळलेलं तेलही किती काळ जहाल राहतं, याचा हा पुरावा.

दृष्ट लागू नये म्हणून बिब्बा बांधतात. त्यात काही धोका?

श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याचा. दारावर, दुकानावर, गाडीवर उंच टांगलेला अखंड बिब्बा कोणाला त्रास देत नाही. बाळाच्या कमरेला, मनगटाला किंवा पाळण्याला मात्र बांधू नका. बाळ तो तोंडात घालतं, चावतं, घामाने आणि घासण्याने तेल सुटतं. शनिवारी जुनी लिंबू-मिरची रस्त्यावर फेकतात तीही कचऱ्यात टाका. अनवाणी मुलाच्या पायाखाली तो बिब्बा फुटतो.

बैलाच्या खुराला, जखमेला बिब्बा लावला तर?

खुरांच्या दुखण्यावर आणि जखमेत किडे पडले तर गुराखी तो वापरत आले आहेत. जनावर ती जागा चाटतं आणि जीभ-ओठ सुजतात, हा मोठा तोटा. लाळ्या-खुरकुताची लस मिळते. ती वेळेवर टोचा आणि जखमेसाठी पशुवैद्यकांना बोलवा.

शेताच्या बांधावर बिब्बा लावावा का? वाळलेलं लाकूड जाळता येईल का?

लावायला जरूर लावा. जंगलातली झाडं कमी होत आहेत. उष्णता आणि मुरमाड जमीन त्याला सोसते. ताज्या बिया पावसाळ्याच्या तोंडावर पिशवीत रुजवा; हाताळताना मोजे घाला. वाढ हळू असते, फळाला बरीच वर्षं लागतात. घर, गोठा, विहीर, मुलांची खेळायची जागा यांपासून लांब, आणि वाटेवर तर नकोच. तोडायचं काम पडलं तर अंगभर कपडे घालून तोडा. चुलीत किंवा शेकोटीत त्याचं लाकूड, पाला, टरफलं घालू नका: धुरातून बिब्ब्याचं जहाल द्रव्य डोळ्यांत आणि फुप्फुसांत जातं, आणि चेहरा, पापण्या, घसा सुजतात. टरफलं वस्तीपासून दूर खोल खड्ड्यात पुरा.